निवृत्तीनंतरचं वजन: काटा, घेर आणि खुर्ची

निवृत्तीनंतर वर्षभरात कपडे कमरेला आवळू लागले की सगळा दोष वयावर जातो. ‘आता चयापचयच मंदावलं, त्याला काय करणार?’ हे पुरतं खरं नाही. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासानं दाखवलं, की शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर असतो. साठीनंतर तो वर्षाला साधारण ०.७ टक्क्यानं उतरतो, म्हणजे दहा वर्षांत जेमतेम सात टक्के. पहिल्याच वर्षात पाच किलो वाढले असतील, तर त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

ते सापडतं दिवसाच्या चौकटीत. नोकरी असताना स्टॉपपर्यंत चालणं, जिने, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणं, रांगेत उभं राहणं हे सगळं आपोआप व्हायचं. त्याला कोणी व्यायाम म्हणत नव्हतं. या हालचालीतून दिवसाला तीन किलोमीटर कमी झाले, तर सत्तर किलोच्या माणसाचा सुमारे दीडशे कॅलरींचा खर्च वाचतो. वर दुपारी चारचा दुसरा चहा, दोन चमचे साखरेचा, आणि सोबत दोन बिस्किटं: आणखी दीडशे ते दोनशे. रोजची तफावत तीनशेवर गेली. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे कागदावर महिन्याला किलोभर वाढ. प्रत्यक्षात वेग कमी असतो, कारण जड झालेलं शरीर थोडी जास्त ऊर्जा खर्च करतं. पण दिशा तीच. आणि यात कुठेही ‘खूप खाल्लं’ असा एकही दिवस नाही.

दुसरी गोष्ट काट्यावर दिसतच नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी तीन ते आठ टक्के स्नायू घटतात, साठीनंतर वेग वाढतो, आणि ताकद तर वस्तुमानापेक्षाही लवकर जाते. त्यामुळे वजन तेवढंच, पण आत स्नायू कमी नि चरबी जास्त, अशी अदलाबदल चालू राहते. म्हणून निवृत्तीनंतर फक्त ‘वजन कमी करा’ हा सल्ला अपुरा आहे, कधीकधी घातकही. आधी स्नायू वाचवायचे, मग पोटाचा घेर बघायचा, आणि काटा शेवटी.

मोजायचं काय

तीन मापं पुरेत.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. रोज करू नका. पाणी आणि मीठ यांमुळे एका दिवसात किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो आणि उगीच धास्ती बसते. निवृत्तीच्या दिवसाचं वजन लिहून ठेवा. त्यापेक्षा दोन किलो जास्त वजन सलग तीन आठवडे दिसलं, तर हालचाल आणि खाणं दोन्ही तपासायची वेळ आली. पाच किलो वाढेपर्यंत थांबलात तर काम दुप्पट नाही, कितीतरी पट अवघड होतं.

पोटाचा घेर महिन्यातून एकदा. टेप नाभीवरून किंवा पँटच्या पट्ट्याच्या जागी धरणं ही नेहमीची चूक. सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप ठेवायची, श्वास साधेपणानं सोडायचा आणि पोट आत न ओढता आकडा वाचायचा. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. १६० सेंटिमीटर उंची असेल तर ८० सेंटिमीटरच्या आत.

तिसरं माप खुर्चीचं. साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडा आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयात पुरुषांना १४ आणि स्त्रियांना १२ पेक्षा कमी जमलं, तर पायांची ताकद सरासरीच्या खाली आहे. ६५ ते ६९ साठी हेच आकडे १२ आणि ११, ७० ते ७४ साठी १२ आणि १०. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नसेल तर गुण शून्य, आणि पुढचा ताकदीचा भाग तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. ही चाचणी दर तीन महिन्यांनी करा. हा आकडा वाढत असेल, तर काटा हलला नाही तरी तुमचं बरं चाललं आहे.

दिवसाला खुंटे ठोका

नोकरीनं दिवसाला चार खुंटे दिले होते: उठण्याची वेळ, जेवणाची वेळ, घरी परतण्याची वेळ, झोपेची वेळ. ते उपटले गेले की नाश्ता दहाला, जेवण अडीचला, मग पाचला काहीतरी आणि रात्री साडेनऊला भरपेट, असा दिवस सैल पडतो. म्हणून पहिल्या महिन्यातच वेळा ठरवून टाका. उठणं रोज एकाच वेळी, सुट्टीचा अपवाद नाही (आता सगळेच दिवस सुट्टीचे आहेत). खाणं तीन वेळा, हवं तर चौथं एक छोटं, आणि त्यांच्या मधे फक्त पाणी किंवा बिनसाखरेचं पेय. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी.

सकाळी निदान अर्धा तास घराबाहेर पडायला लावणारं एखादं काम मुद्दाम ठेवा. सामान आठवड्यातून एकदाच भरण्यापेक्षा रोज थोडं आणा. वर्तमानपत्र, दूध, भाजी, वाचनालय, काहीही चालेल. अट एकच, काम पायी व्हायला हवं. सलग बसणं तासाभराच्या वर जाऊ देऊ नका. टीव्हीसमोर बसणाऱ्यांनी रिमोट हाताशी न ठेवता टीव्हीजवळच ठेवावा. युक्ती हास्यास्पद आहे, पण चालते.

टीव्हीसमोर खाणं मात्र पूर्ण बंद. लक्ष पडद्यावर असलं की किती खाल्लं याची नोंद मेंदूकडे नीट होत नाही, आणि हात डब्यात जात राहतो.

चालणं: किती आणि कसं

दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून तो जगभर पसरला. २०२२ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की साठीपुढच्या माणसांना आयुर्मानाच्या दृष्टीनं मिळणारा फायदा ६,००० ते ८,००० पावलांपर्यंत वाढत जातो आणि मग सपाट होतो. तेव्हा दहा हजार जमत नाहीत म्हणून घरीच बसणाऱ्यानं ती सबब सोडावी.

सुरुवात आज होतात त्या पावलांपासून करा. आठवडाभर फक्त मोजा. सरासरी ३,००० निघाली तर पुढच्या आठवड्यात ३,५००, त्यापुढे ४,०००. पहिल्याच दिवशी सात हजार गाठणाऱ्यांची टाच किंवा गुडघा आठवड्याभरात बोलू लागतो आणि मग महिनाभर सगळंच बंद पडतं.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोमाच्या हालचालीची आहे. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. मित्रांसोबत गप्पा मारत रमतगमत केलेली फेरी मनाला चांगली, पण ती या हिशेबात धरू नका. त्या फेरीत दर पाच मिनिटांनी एक मिनिट झपाझप चाला, म्हणजे दोन्ही साधेल. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर रक्तातली साखर एकदम चढत नाही, त्यामुळे मधुमेह असणाऱ्यांनी दिवसाचं चालणं तीन जेवणांमागे वाटून घेणं जास्त फायद्याचं.

ताकद: टाळला जाणारा भाग

बहुतेक निवृत्त माणसं चालतात आणि तिथेच थांबतात. चालण्यानं हृदय आणि दम सुधारतो, पण स्नायूंची घसरण त्यानं पुरेशी थांबत नाही. स्नायूला नेहमीपेक्षा जड काम दिलं तरच तो टिकतो. ‘या वयात वजनं उचलायची?’ या शंकेला १९९० साली अमेरिकेत उत्तर मिळालं आहे. वृद्धांच्या निवासातल्या सरासरी नव्वद वर्षांच्या दहा व्यक्तींनी आठ आठवड्यांचा पायांचा वजनी व्यायाम सुरू केला, आणि तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

आठवड्यातून दोन दिवस, मधे किमान एक दिवस विश्रांती, प्रत्येक वेळी तीस-चाळीस मिनिटं. सुरुवातीला पाच मिनिटं जागच्या जागी चालून अंग गरम करा. मग हे सहा प्रकार.

खुर्चीतून उठबस. पावलं खांद्यांइतकी लांब, उठताना टाचांवर भार, बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली. धपकन बसलं तर अर्धा फायदा गेला, आणि मणक्याला दणका बसतो तो वेगळाच. गुडघे आतल्या बाजूला झुकू देऊ नका.

भिंतीवरचे जोर. भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर उभं राहून हात खांद्यांच्या उंचीवर टेकवा आणि शरीर फळीसारखं सरळ ठेवून छाती भिंतीकडे न्या. सोपं झालं की भिंतीऐवजी ओट्यावर हात टेका.

ओढणं. एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून पुढे झुका, दुसऱ्या हातात तीन-चार किलोची पिशवी घ्या आणि कोपर मागे नेत पिशवी कमरेपर्यंत ओढा. पाठ सरळ हवी. हा प्रकार सर्वाधिक गाळला जातो. त्यातून खांदे पुढे झुकतात नि पोक येतो.

पायरी चढ-उतार. पंधरा ते वीस सेंटिमीटरची एकच पायरी, कठड्याला हात. एका पायानं चढा, त्याच पायानं भार घेत उतरा. खरी कसोटी उतरताना असते.

टाचा उचलणं. ओट्याला बोटं टेकवून चवड्यांवर उभं राहा, दोन सेकंद थांबा, सावकाश खाली या.

पिशव्या घेऊन चालणं. दोन्ही हातांत चार-चार किलोच्या पिशव्या, ताठ मानेनं वीस-तीस मीटर, मधे विश्रांती घेत तीन वेळा. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, त्यामुळे डंबेल विकत घेण्याची गरज नाही.

पहिल्या पाच प्रकारांचे आठ ते बारा वेळा असे दोन फेरे करा. वजन किती घ्यायचं याचा नियम सोपा: फेरा संपताना वाटलं पाहिजे, की अजून दोनदाच जमलं असतं. आणखी दहादा सहज जमणार असेल तर वजन कमी आहे. व्यायामाच्या लागोपाठच्या दोन दिवशी बारा वेळा सहज झालं की अर्धा-एक किलो वाढवा, किंवा खुर्ची थोडी बुटकी घ्या. सहा महिने त्याच दोन किलोंवर राहणारे लोक व्यायाम ‘करत’ असतात, पण शरीराला त्याची सवय होऊन गेलेली असते.

जोर लावताना श्वास रोखू नका. श्वास कोंडला की रक्तदाब झटक्यात चढतो. उठताना सोडा, बसताना घ्या. मोठ्यानं आकडे मोजलेत तर श्वास कोंडणं शक्यच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू दुखणं साहजिक आहे. सांध्यात टोचल्यासारखं दुखत असेल, तर मात्र तो प्रकार सोडून न देता त्याची खोली कमी करा, म्हणजे उंच खुर्ची किंवा बुटकी पायरी. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळा दम यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबून लगेच वैद्यकीय मदत घ्या. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, ताब्यात नसलेला रक्तदाब किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार असेल, तर सुरुवात करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोला.

तोलाचा सराव आठवड्यातून तीनदा तरी हवा आणि त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. दात घासताना ओट्याजवळ एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या. ते सोपं झालं की एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत दहा पावलं. आधार नेहमी हाताच्या अंतरावर असू द्या.

ताटातलं गणित

उतारवयात शरीर प्रथिनांना सुस्त प्रतिसाद देतं. तरुणपणी जेवढ्यात स्नायू दुरुस्त व्हायचा, त्यापेक्षा आता जास्त लागतं. म्हणून निरोगी ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवली जातात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. ही एकाच जेवणात न कोंबता प्रत्येक मुख्य जेवणात वीस-पंचवीस ग्रॅम अशी वाटावीत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा लागू नाही, प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

अंदाजासाठी: एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिली दुधात ६ ते ७, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, १०० ग्रॅम शिजलेल्या माशात २० ते २२, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ते ८, आणि ५० ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा कडधान्यात ११ ते १२ ग्रॅम. यावरून लक्षात येईल, की पातळ डाळीची एक वाटी म्हणजे ‘प्रथिनांचं जेवण’ नव्हे. तिच्यात पाणीच जास्त असतं. सर्वांत कच्चा दुवा बहुधा सकाळचा असतो: चहा आणि काहीतरी पिठाचं, प्रथिनं जेमतेम सात-आठ ग्रॅम. तिथे दोन अंडी आणि कपभर दूध किंवा दह्यासोबत मोड आलेली कडधान्यं आली, तर अकराच्या सुमाराची तोंड चालवण्याची इच्छाही बरीच ओसरते.

कॅलरी मात्र दुसरीकडे दडलेल्या असतात, विशेषतः तेलात. ‘आम्ही तेल कमीच वापरतो’ हे वाक्य मोजून बघण्यासारखं आहे. दोन माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज ५० मिली, म्हणजे चारशेवर कॅलरी. माणशी महिन्याला पाऊण लिटर ही मर्यादा धरा. महिन्याचं तेल पहिल्या तारखेला वेगळ्या बरणीत काढून ठेवा आणि तेवढ्यातच भागवा. बाटली तिरपी करून ओतू नका, चमच्यानं घ्या: पाच मिलीचा एक चमचा सुमारे चाळीस कॅलरींचा. सुकामेव्याचंही तसंच. तीस ग्रॅममध्ये १७० ते १८० कॅलरी असतात, त्यामुळे तो पौष्टिक असला तरी बरणी समोर ठेवून खायचा पदार्थ नाही. वाटीत काढून घ्या, बरणी बंद करा. मद्य घेत असाल तर तेही लिहून ठेवा. अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅममागे सात कॅलरी, शिवाय सोबतचं तळलेलं वेगळंच.

ताटात अर्धा भाग भाज्या, पाव भाग प्रथिनं, पाव भाग धान्य एवढी आखणी केली की बाकी मोजदाद करावी लागत नाही. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता प्रत्येक खाण्यासोबत आणि मधे एकेक पेला पाणी घ्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल तर तेच पाळा.

उपाशी राहून झटपट उतरवण्याच्या फंदात पडू नका. ताकदीचा व्यायाम न करता वजन उतरवलं, तर गेलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसून स्नायूंसारख्या ऊतींचा असतो. नंतर वजन परत येतं ते मुख्यतः चरबीच्या रूपात. खरोखर उतरवायचं असेल तर आठवड्याला अर्धा किलो ही कमाल, आणि ताकदीचे दोन दिवस चुकवायचे नाहीत. मुळातच सडपातळ असलेल्या ज्येष्ठांनी तर उतरवण्याचा विचारच करू नये.

औषधं, झोप आणि खुणा

खाणं-चालणं नीट असूनही वजन चढत असेल तर औषधांची यादी काढा. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडं, प्रीगॅबालिन, गॅबापेन्टिन, अमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन यांच्यामुळे वजन वाढू शकतं. स्वतःहून गोळी बंद करायची नाही, पण पर्याय आहे का हे जरूर विचारायचं. थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं सोबत असेल तर थायरॉईडची तपासणी करून घ्या. मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताची ओमेप्रॅझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ब-१२ जीवनसत्त्वही तपासावं. ते घटलं की पाय बधिर होतात, तोल जातो, आणि माणूस चालणं कमी करतो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी व्यायाम वाढवण्याआधी डोसबद्दल बोलायलाच हवं, कारण साखर एकदम उतरू शकते. फिरायला जाताना खिशात साखर ठेवा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

झोप सात ते आठ तास. दुपारची डुलकी वीस-तीस मिनिटं, तीनच्या आत, गजर लावून. दोन तासांची दुपार रात्रीची झोप खाते, आणि अर्धवट झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ जास्त लागते.

दोन खुणा मात्र घरी सोडवायच्या नाहीत. आठवड्यात दोन किलोंहून जास्त वाढ, सोबत पायांवर सूज किंवा आडवं झाल्यावर दम लागणं: ही चरबी नसून पाणी साठत असू शकतं, आणि त्याचं मूळ हृदयात किंवा मूत्रपिंडात असू शकतं. दुसरी उलटी खूण: प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन उतरणं. साठ किलोच्या माणसाचे तीन किलो असे गेले, तर लोक ‘छान बारीक झालात’ म्हणत असतानाच डॉक्टरकडे जायचं.

आजारपणानंतरचा काळ वेगळा सांभाळावा लागतो. २००७ सालच्या एका प्रयोगात धडधाकट ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. म्हणून तापातून किंवा शस्त्रक्रियेतून उठल्यावर, डॉक्टरांची परवानगी मिळताच, पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मी पावलं आणि बिनवजनाची उठबस, दुसऱ्या आठवड्यात पाऊणपट, तिसऱ्यात मूळ वजनं. या तीन आठवड्यांत काटा बघू नका. खुर्चीची चाचणी घ्या, आणि आधीचा आकडा परत आला की पुढे जा.